उरलेली चिमूट

"मॅडम, पट्टी बाहेर काढू का?"

"का? आत राहून तिचं काही बिघडतंय?"

"पुन्हा मोजून काय उपयोग? सकाळपासून तोच आलेख येतोय."

"मग त्यात आलेखाचा दोष नाही, सातपुते. तो बिचारा आहे ते दाखवतोय."

टिल्लू मॅडम असं बोलल्या की समजायचं, त्यांनाही काही सुचत नाहीये. एरवी त्या वाद घालायच्या, फळ्यावर लिहून चार चुका काढायच्या आणि शेवटी "कळलं का?" असं अशा आवाजात विचारायच्या की न कळलेलंही कळून जायचं. त्या दिवशी मात्र त्या खुर्चीत मागे टेकून पडद्याकडे नुसत्या बघत होत्या.

गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. पुण्याबाहेरच्या एका संशोधन संस्थेत मी मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. आमचं काम होतं टेराहर्ट्झ किरणांचं. रेडिओच्या लहरी सगळ्यांना ठाऊक असतात, आणि उजेड तर दिसतोच. या दोघांच्या मधल्या पट्ट्यातले हे किरण. कपड्यातून, पुठ्ठ्यातून आरपार जातात, पाण्याच्या वाफेत मात्र गळपटतात, आणि तयार करायचे म्हटलं तर महाकटकटीचे. आमची युक्ती अशी होती: तांब्याच्या छोट्याशा पट्टीवर केसापेक्षा जरा रुंद अशा खाचा पाडायच्या, एकीशेजारी एक, फणीच्या दात्यांसारख्या. मग पट्टीला जवळजवळ चाटून इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा. फणीच्या दात्यांवरून नख ओढलं की कसा सूर निघतो? तसा त्या खाचांमधून किरणांचा सूर निघणार. खाच जितकी खोल तितका सूर खालचा. मी इचलकरंजीची, घरात माग. मागाची फणी पुसण्यात माझं बालपण गेलेलं. त्यामुळे ही रचना मला कागदावर मांडण्याआधी हाताला कळलेली होती, असं म्हटलं तरी चालेल.

इलेक्ट्रॉनचा झोत देणारं यंत्र उत्तरेतल्या एका मोठ्या संस्थेत होतं. दिवाळीनंतरचा एक आठवडा त्यांनी मॅडमना दिला होता. पण तिथला किरण मोजणारा डोळा एकाच सुराला उघडा, त्याच्या अलीकडे-पलीकडे ठार आंधळा. म्हणून त्यांची अट होती की आमची पट्टी नेमक्या त्याच सुराला लागते हे दाखवणारा आलेख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात पडला पाहिजे. नाही पडला, तर तो आठवडा रांगेतल्या पुढच्या गटाला. मॅडम मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या, म्हणजे त्यांना पुढची पाळी नव्हती. पट्टीची रचना माझी, गणित माझं, आणि आपला शेवटचा आठवडा त्यांनी माझ्या हवाली केला होता. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणूनच जास्त जड वाटायचं.

आमच्याकडे झोत नव्हता, पण पट्टी कुठल्या सुराला लागते हे बघायची सोय होती. कोरड्या हवेच्या काचेच्या पेटीत पट्टी स्टँडवर बसवायची, वेगवेगळ्या सुरांचे दुबळे किरण तिच्यावर पाडायचे आणि किती परत येतात ते मोजायचं. पट्टीचा जो सूर, तो ती गिळून टाकते, आणि आलेखाला तिथे खड्डा पडतो. आमच्या आलेखाला खड्डा पडत होता. चांगला खोल, सुबक खड्डा. फक्त हव्या त्या जागेच्या उजवीकडे.

"चाचांना सांगून खाचा थोड्या खोल करून घेऊ या," मी म्हटलं. हे मी आधीही म्हटलं होतं.

"खाचा उथळ आहेत हे कशावरून?"

"खड्डा उजवीकडे आहे म्हणजे..."

"पट्टी वाकली असेल तरी उजवीकडे जाईल. कोन चुकला असेल तरी जाईल. वरून बघितलं तर खाचा बरोबर दिसतात, तळ तुला दिसत नाही, मलाही दिसत नाही. त्या जातीचं तांबं आपल्याकडे एवढंच आहे. कापलं आणि दोष दुसरीकडेच निघाला, तर काय डिंकाने चिकटवशील? अंदाजाने कापायचं नाही."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात मुजावरचाचा उभे, हातात पितळी ताट, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. आमच्या वर्कशॉपचे मुख्य. पट्टीवरच्या खाचा त्यांनीच वायरकट यंत्रावर, म्हणजे वीज खेळवलेल्या बारीक तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर पाडल्या होत्या, आणि हे त्यांनी संस्थेतल्या माळ्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, पण खंडे नवमीला यंत्रांची पूजा करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचे वडील मिरजेत लेथ चालवायचे. तिथे जे चालायचं ते इथे चाललंच पाहिजे, असा त्यांचा हिशेब.

"ओ मॅडम," चाचा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "लेथला हार घातला, वाईसला नारळ फोडला, कानशीला सुदीक गंध लावलं. मशीनीचं लेकरू, ती तुमची पट्टी, तेवढी राह्यलीय. द्या की जरा भायेर."

"मुजावर, तुमच्या वर्कशॉपात तुम्ही हत्तीची पूजा करा, मी पेढा खायला येईन. या दाराच्या आत भुकटी येणार नाही. हळद नाही, कुंकू नाही."

"एक टिपका ओ."

"टिपका म्हणजे भुकटीच."

"बरं, लांबनं फूल टाकतो."

"फुलात पराग असतात."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी हसू दाबत पेटीच्या काचेकडे बघितलं. मॅडमचं हे सगळ्या संस्थेला माहीत होतं. चाळीस वर्षांत त्यांनी कशाला हात जोडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. उपकरणांच्या उद्घाटनाला नारळ फुटत असला की त्या मागच्या रांगेत उभ्या राहून चष्मा पुसत. प्रयोगशाळेत यायचं तर पावडर लावायची नाही, गजरा माळायचा नाही. एकदा संचालकांच्या पाहुण्यांना त्यांनी अत्तराच्या वासावरून दारातून परत पाठवलं होतं.

"ऱ्हाऊ दे तर मग," चाचा म्हणाले. "परसाद तेवढा हितं ठेवून जातो. तो काय उडून आत येत न्हाई." दाराबाहेरच्या स्टुलावर त्यांनी दोन पेढे आणि कागदाची एक पुडी ठेवली आणि पाय आपटत निघून गेले.

आम्ही आणखी एकदा मोजलं. कोन बदलला, पेटीत कोरडी हवा पुन्हा भरली. खड्डा जिथल्या तिथे. ऊन उतरायला लागलं तसं मला रडू यायला लागलं. मी मान खाली घालून वायरी गुंडाळत बसले. मॅडमनी ते बघितलं असावं.

"जा तू," त्या म्हणाल्या. "उद्या दसरा आहे. कुलूप मी लावते."

---

दसऱ्याला सकाळी मी होस्टेलच्या खोलीत बसून होते. इचलकरंजीत या दिवशी माग थंड असतात, गल्लीभर नवे कपडे आणि श्रीखंडाचा वास. इकडे मी भिंतीकडे बघत होते. शेवटी म्हटलं, असं बसून वेड लागायचं. जाऊ, एकदा मोजू, निदान पट्टी पुसून डबीत ठेवून येऊ. उत्तरेकडच्या लोकांना 'माफ करा' असं कळवायचं तर पट्टी तरी नीट ठेवलेली असावी.

प्रयोगशाळेच्या दारातल्या स्टुलावर पेढे तसेच होते, मुंग्या लागलेले. मी किल्ली काढली, आत गेले, यंत्रं सुरू केली, पेटीत कोरडी हवा सोडली. आलेख पडद्यावर डावीकडून उमटायला लागला. मी त्याच्याकडे बघतही नव्हते, चपलेचा पट्टा नीट करत होते. मान वर केली आणि तशीच राहिले.

खड्ड्याच्या डावीकडे आणखी एक खड्डा होता.

लहानसा होता. नवख्या माणसाला दिसलाही नसता. पण मी तो आलेख इतके दिवस बघत होते की डोळे मिटूनही काढून दाखवला असता, आणि त्या जागी काल काही नव्हतं. मी पुन्हा मोजलं. खड्डा होता. यंत्रं बंद करून सुरू केली, पुन्हा मोजलं. होता! पट्टी काढून तिच्या जागी साधी, बिनखाचांची पट्टी लावली. खड्डा गायब. म्हणजे तो यंत्राचा चावटपणा नव्हता, माझ्या पट्टीचाच होता. पट्टी परत बसवली तर तो हजर, हव्या त्या जागेच्या बाजूला, डावीकडे!

रात्रीत पट्टीला काय झालं? तांबं काही आपोआप बदलत नाही. मी पट्टी चिमट्यात धरून सूक्ष्मदर्शकाखाली नेली. खाचा ओळीने सरकत गेल्या, रिकाम्या, काळ्या, रेखीव. आणि एका टोकाच्या चार-सहा खाचांमध्ये लाल कण. चांगले काठोकाठ साचलेले लालभडक कण.

कुंकू!

आधी मला संताप आला. चाचा! हा माणूस ऐकायचाच नाही. पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली असणार आणि हळूच येऊन टिपका लावून गेला असणार. मी पट्टी डबीत घालून तरातरा बाहेर पडले. वर्कशॉपाच्या वाटेवरच्या मैदानाच्या मध्यावर पोचले आणि पायच थांबले.

खाचेत कुंकू भरलं. कुंकवातून जाताना किरणांचा वेग मंदावतो. म्हणजे त्या बिचाऱ्यांना खाच आहे त्याहून खोल वाटते. खाच खोल वाटली आणि सूर खाली आला. फक्त त्या चार-सहा खाचांचा, म्हणून छोटा खड्डा. बाकीच्यांचा मोठा खड्डा जुन्या जागी. म्हणजे दोष खोलीचा आहे! पट्टी वाकलेली नाही, कोन चुकलेला नाही, माझं गणित चुकलेलं नाही. भर मैदानात मी "खोलीच!" असं मोठ्याने ओरडले. झाडाखालचा पहारेकरी उठून उभा राहिला.

उरलेलं मैदान मी पळत ओलांडलं.

चाचा वर्कशॉपात होते. दसऱ्याचं सोनं वाटायला आपट्याच्या पानांची टोपली घेऊन बसले होते. मागे वायरकट यंत्र झेंडूच्या हारात नवरदेव होऊन उभं.

"चाचा, खरं सांगा. काल रात्री आमच्या खोलीत शिरलात का न्हाई?" त्यांच्याशी बोलताना माझी इचलकरंजी आपोआप तोंडात यायची.

"म्या? कशाला?"

"पट्टीला कुंकू लावलंय कुणीतरी."

चाचा ताडकन उठले. "वैजूताई, माज्या तोंडाकडं बघून बोला. म्या चोरून पूजा करीन? माजी पूजा वाजतगाजत असती. मॅडम नको म्हटल्या, इषय संपला. अल्लाची शप्पत, म्या त्या दाराकडं फिरकलो सुदीक न्हाई."

"बरं, बरं. मग कुणी का लावंना, त्याचं भलं होऊ दे."

"आँ?"

मी त्यांना सगळं सांगितलं, हातवारे करत, एका दमात. चाचांचा राग कुठल्या कुठे पळाला. मग त्यांनी डोक्याला हात लावला.

"तार गोल असती की ओ!" ते म्हणाले. "तुमच्या चित्रात खाचेचा तळ चौकोनी. माजी तार गोल, तिचा तळ गोलच पडणार. कोपऱ्यात तांबं ऱ्हातंय. तेवढी खाच उथळ!"

"माझ्या चित्रात मी तारेचा विचारच नाही केला."

"आन् म्या चित्रात तळ बघितला, कोपरा न्हाई बघितला. दोगं बी शाने."

आम्ही दोघं हसलो, पण मॅडमचा आवाज माझ्या कानात होता. अंदाजाने कापायचं नाही. चार-सहा खाचांवरून पट्टी कापायला त्या कधीच हो म्हणाल्या नसत्या, आणि बरोबरच होतं ते. मला सगळ्या खाचा भरून बघायला हव्या होत्या. मी चाचांच्या पूजेच्या ताटाकडे बघितलं.

"चाचा, ते कुंकू द्या."

"किती?"

"आख्खी वाटी."

अशा रीतीने जिथे फुलाच्या परागाला बंदी होती त्या प्रयोगशाळेत मी कुंकवाची वाटी घेऊन शिरले. चाचा मागोमाग, चपला काढून, श्वास रोखून. आधी मी पट्टी अल्कोहोलने धुऊन काढली आणि मोजली. छोटा खड्डा गेला, मोठा जुन्या जागी. "बघा," मी म्हटलं. मग कुंकू पट्टीभर पसरलं, बटरपेपर ठेवून बोटाने दाबून दाबून खाचांमध्ये भरलं आणि वरचं जास्तीचं प्लॅस्टिकच्या पट्टीच्या कडेने खरवडून टाकलं. माझी दहाही बोटं लाल. पट्टी लाल-तांबूस रेघांची, एखाद्या इरकली काठासारखी सुरेख दिसत होती.

पेटी बंद केली. कोरडी हवा सोडली. आलेख उमटायला लागला. डावीकडून रेघ सरळ येत होती, आणि हव्या त्या जागेच्याही थोडं अलीकडे ती धाडकन खाली गेली आणि वर आली. पुढे सपाट. जुन्या जागी काही म्हणजे काही नव्हतं. सगळाच्या सगळा खड्डा उचलून डावीकडे आला होता.

"वैजूताई," चाचा कुजबुजले, "हे चांगलं का वाईट?"

मी उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांना मिठीच मारली. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर माझे दोन्ही पंजे उमटले.

---

मॅडमना फोन केला तेव्हा मला धड वाक्य बोलता येत नव्हतं. "खड्डा... डावीकडे... कुंकू..." एवढं त्यांनी ऐकून घेतलं आणि "आले" म्हणून फोन ठेवला. त्या कायनेटिक स्कूटरवरून आल्या त्या घरातल्या सपाता घालूनच. आत येऊन त्यांनी माझ्या लाल हातांकडे बघितलं, चाचांच्या शर्टाकडे बघितलं, टेबलावरच्या वाटीकडे बघितलं. मी बोलणी खायच्या तयारीत उभी राहिले.

"आलेख दाखव," त्या म्हणाल्या.

मी सगळे ओळीने दाखवले. कालचा, सकाळचा, धुतल्यानंतरचा, भरल्यानंतरचा.

"सकाळी कुंकू कुठल्या टोकाला होतं?"

"डाव्या. स्टँडच्या मागच्या बाजूचं टोक."

त्यांनी चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसला. मग कागद ओढून घेतला. आम्ही दोघींनी मिळून हिशेब मांडला: कुंकवाने खाच किती खोल भासते, त्यावरून ती मुळात किती उथळ आहे, आणि किती कापलं म्हणजे सूर बरोबर जागी येईल. आकडा आला केसाच्या जाडीच्या पाव हिश्श्याएवढा. मॅडमनी तो वेगळ्या वाटेने पुन्हा काढला. तोच आला.

"मुजावर," त्या म्हणाल्या, "एवढंच कापता येईल? कणभर जास्त नाही?"

चाचांची छाती फुगली. "मॅडम, तुमी फकस्त सांगा. काल नवमीपास्नं मशीन बसूनच हाय. आज मुहूर्ताचा पयला कट लागतोच, तो ह्येचाच घेऊ की."

"मुहूर्तबिहूर्त मला सांगू नका. हात स्थिर ठेवा."

वर्कशॉपात यंत्राचा हार चाचांनी अलगद बाजूला केला. पट्टी धुऊन, पुसून, बसवून झाली. बारीक तार सरकायला लागली, पाणी वाहायला लागलं, आणि निळसर ठिणग्यांची तडतड सुरू झाली. एकेका खाचेत तार उतरायची, तळ तेवढाच खोल करायची आणि वर यायची. एखादी खाच चुकली असती तर संपलंच होतं. मॅडम माझ्या शेजारी, हाताची घडी घालून. मध्येच माझ्या लक्षात आलं की त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलंय. केव्हा धरलं होतं, कुणास ठाऊक.

परत येताना पट्टीची डबी मॅडमनी स्वतःच्या हातात घेतली. मैदानातून आम्ही तिघंही चालत नव्हतो आणि धावतही नव्हतो, मधलंच काहीतरी चाललं होतं. पट्टी पेटीत गेली. कोरडी हवा आत यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला, पण मला वाटलं दिवाळी येऊन गेली.

रेघ उमटली. सरळ, सरळ, सरळ. मग खाली! नेमकी तिथे. उत्तरेच्या लोकांनी सांगितलेल्या खुणेवर मी पडद्यावर मार्करने रेघ मारून ठेवली होती. खड्ड्याचा तळ त्या रेघेवर सुईने टोचल्यासारखा बसला होता.

मी किंचाळले. चाचा दोन्ही हात वर करून नाचले, अगदी वरातीत नाचतात तसे. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून आपट्याचं पान काढून मॅडमच्या पुढे धरलं.

"घ्या मॅडम, सोनं. ह्यात पराग न्हाईत."

मॅडम हसल्या. खरंच, मोठ्याने, खोकला येईपर्यंत हसल्या. आणि पान घेतलं. कुंकू लावलं कुणी, हे त्यांनी त्या दिवशी एकदाही विचारलं नाही. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. आलेख पाठवायची घाई होती.

---

दिवाळीनंतर आम्ही दोघी उत्तरेला गेलो. पट्टी धातूच्या नळकांड्यात बंद झाली, आतली हवा काढून घेतली गेली. जाड भिंतीपलीकडे यंत्र घुमायला लागलं. आम्ही इकडच्या खोलीत वीसेक माणसांच्या गर्दीत पडद्याकडे बघत होतो. पहिले झोत पट्टीपासून लांबून गेले. पडदा कोरा. "जवळ घ्या," मॅडम म्हणाल्या. झोत जवळ सरकला. कोरा. "आणखी." तिथला यंत्र चालवणारा तरुण कचरला, झोत पट्टीला लागला तर पट्टी जाईल म्हणाला. "माझ्या जबाबदारीवर," मॅडम म्हणाल्या. झोत केसभर सरकला आणि पडद्यावर एक टोक उभं राहिलं. पुढच्या झोताला पुन्हा. त्याच्या पुढच्याला पुन्हा, आणि प्रत्येक वेळी तेवढंच उंच, तिथेच! माझी फणी वाजत होती. इलेक्ट्रॉनचं नख तिच्यावरून जात होतं आणि ती वाजत होती. सगळी खोली एकदम बोलायला लागली, कुणीतरी माझी पाठ थोपटली, कुणीतरी पेढे मागवले. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

नंतर आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात चहाचे पेले घेऊन उभ्या राहिलो. थंडी होती. मॅडमनी शालीत हात गुंडाळले होते.

"पेपरात ती कुंकवाची भानगड कशी लिहिणार आहेस?"

"'खाचांमध्ये बाहेरची बारीक भुकटी गेल्याचं आढळलं', असं लिहीन. कुठून गेली ते काही कळलं नाही. चाचा शपथेवर सांगतात की ते नव्हते."

"मुजावर खरं बोलतात," मॅडम म्हणाल्या. "मी होते."

मी पेला कठड्यावर ठेवला.

"पट्टीला नाही लावलं. एवढी मूर्ख नाहीये मी." त्यांचा आवाज नेहमीसारखा करडा होता, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मुजावरांनी दारात ठेवलेल्या पुडीतलं कुंकू घेतलं. स्टँडला लावलं, मागच्या बाजूला, अगदी खाली. कुणाला दिसू नये असं. पण चिमटीत थोडं उरलं. ते जमिनीवर टाकवेना. लहानपणी आईने बजावलेलं, कुंकू पायाखाली येता कामा नये. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं गं ते. आणि नेमका तिथेच हात झटकला मी, पेटीच्या आत. वेड्यासारखा."

"पण मॅडम, तुम्ही..."

"तुझं गणित मी घरी नेऊन पहिल्यापासून मांडलं होतं. बरोबर होतं. कोन बघितला, हवा बघितली, जे जे बघायचं ते सगळं बघितलं. मग तू मान खाली घालून गेलीस." त्या थांबल्या. "करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, वैजू. आणि काहीच न करता दार ओढून घ्यायला मला जमलं नाही."

आजवर त्यांनी मला वैजू म्हटलं नव्हतं. मी त्यांचा रिकामा पेला घेतला आणि आणखी चहा आणायला आत गेले.

पुण्याला परतल्यावर मी पहिल्यांदा तो स्टँड उलटा करून बघितला. मागे, अगदी खाली, करंगळीच्या नखाएवढा लाल ठिपका होता.

मॅडम आता नाहीत. तो स्टँड माझ्याकडे आहे, माझ्या प्रयोगशाळेत. दारावर मी पाटी लावली आहे: भुकटी, अत्तर, फुलं आत आणू नयेत. मुलं माझ्यामागे त्या पाटीची नक्कल करतात, मला ठाऊक आहे. खंडे नवमीला मी सगळ्यांना लवकर घरी पाठवते. एखादी पोरगी न जुळणाऱ्या आलेखापुढे मान खाली घालून बसलेली असली, तर तिलाही उठवते.

"जा तू," मी म्हणते. "उद्या दसरा आहे. कुलूप मी लावते."